सर्व्हर डाऊन नसतो हो, भटजी अडकलेले असतात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर तळाला एक बातमी होती. ऑनलाइन अर्जाच्या शेवटच्या दिवशी पोर्टल बंद पडलं, लोक सकाळपासून ताटकळले आणि खिडकीवरचा माणूस सगळ्यांना एकच सांगत होता, "सर्व्हर डावन आसा, फाल्यां येयात", म्हणजे उद्या या. आणि बातमीच्या शेवटी ते नेहमीचं आश्वासन, की सर्व्हरची क्षमता वाढवणार. ते वाचलं आणि माझा चहा तसाच निवत राहिला, कारण हे वाक्य मी स्वतः एकदा क्लायंटला सांगितलंय, अगदी याच शब्दांत, आणि ते तेव्हा साफ चुकीचं होतं.

मी राहतो चोडणला, नोकरी पर्वरीला एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेब ॲप्लिकेशन करायचं आणि केलेलं चालू ठेवायचं हे काम, त्यातही चालू ठेवायचं जास्त. त्या पोर्टलबद्दल मी बोलत नाही, आमचंच सांगतो, म्हणजे कोणाला लागणार नाही. पण पुढच्या वेळी "सर्व्हर डाऊन" असं छापायची वेळ आली तर तुमच्या वार्ताहराने काय विचारावं एवढं तरी या पत्रातून निघावं अशी इच्छा आहे. लांबलं तर कात्री लावा.

आधी एक खुलासा. या पत्रात पूल हा शब्द बऱ्याचदा येणार आहे आणि गोव्यात पूल म्हटलं की मांडवीवरचा अटल सेतू डोळ्यांसमोर येतो, तो नव्हे. हा कनेक्शन पूल. म्हणजे असं की वेब ॲप वेगळं असतं आणि माहिती जिथे साठते तो डेटाबेस वेगळा, बहुतेक वेळा वेगळ्या मशीनवर. दोघांनी बोलायचं तर मध्ये एक कनेक्शन लागतं. ते नव्याने जोडणं महाग काम आहे, नेटवर्कवर हाक मारायची, समोरच्याने ओ द्यायची, युजर पासवर्ड तपासायचा, आणि पोस्टग्रेससारखा डेटाबेस असेल तर तो प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस उभी करतो. दोन मिलिसेकंदांच्या कामासाठी एवढा खटाटोप दरवेळी कोण करणार. म्हणून काही कनेक्शनं आधीच जोडून ठेवायची, ज्याला लागेल त्याने घ्यायचं, काम झालं की परत ठेवायचं, दुसऱ्याने घ्यायचं. एवढंच. यात रॉकेट सायन्स काही नाही, सगळा घोळ त्या "परत ठेवायचं"मध्ये आहे.

चतुर्थीचे भटजी आठवा. वाड्यावर घरं साठ-सत्तर, भटजी दोन-तीन. दर घराने सावंतवाडीहून आपापला भटजी बोलवायचा म्हटलं तर कधी पूजा होणार, म्हणून ठरलेले भटजी पहाटेपासून स्कूटरवर घरोघर फिरतात, एकाकडे वीस मिनिटं, उठले की दुसरीकडे. घरं भरपूर, भटजी थोडे, तरी दुपारपर्यंत सगळ्यांचे गणपती बसतात. पण एका घराने भटजींना पाटावर बसवून ठेवलं आणि यजमान दुर्वा आणायला बाजारात गेला तर? भटजी नुसते बसलेत, मंत्र नाही काही नाही, पण दुसऱ्या घरी जाऊही शकत नाहीत. अशी तीन घरं निघाली की सगळा वाडा खोळंबला. आणि बाहेरून बघणारा म्हणणार, गावात भटजी कमी आहेत.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. फॉर्म भरा, फी भरा, पावती घ्या असल्या प्रकारचं एक ॲप आम्ही चालवतो, त्याचा शेवटचा दिवस होता. पुढे सुट्ट्या म्हणून सगळ्यांनी त्याच संध्याकाळी गर्दी केलेली. साडेसहाला फोन सुरू झाले, पान उघडत नाही, गोल गोल फिरतंय. मी बघतो तर सर्व्हरचा सीपीयू चार टक्के. चार! डेटाबेसच्या मशीनवर तर त्याहून कमी. दोन्ही मशीन सुशेगाद बसलेत आणि बाहेर लोक बोंबलतायत. लॉगमध्ये, म्हणजे ॲपच्या नोंदवहीत, मात्र एकच ओळ पावसासारखी पडत होती, हिकारी पूल वन, कनेक्शन इज नॉट अव्हेलेबल, रिक्वेस्ट टाइम्ड आऊट आफ्टर ३०००० मिलिसेकंद.

हिकारी म्हणजे हिकारीसीपी, जावातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा कनेक्शन पूल. जपानी शब्द आहे, प्रकाश असा अर्थ. ब्रेट वूल्ड्रिज नावाच्या प्रोग्रॅमरने लिहिला आणि २०१८ साली स्प्रिंग बूट २ (जावात ॲप बनवायचा तयार सांगाडा) आलं तेव्हापासून त्यात तोच आपोआप येतो, म्हणजे आपल्याकडची कितीतरी ॲप हिकारीवर चालतात आणि चालवणाऱ्यांना नाव माहीत नसतं. त्याच्या ठरलेल्या सेटिंगमध्ये पूल १० कनेक्शनांचा आणि कनेक्शन मिळालं नाही तर वाट बघायची ३० सेकंद. हे दोन आकडे लक्षात ठेवा.

आमचा बॉस आमच्या मागे उभा. त्याला आम्ही पात्रांव म्हणतो, माणूस चांगला पण घाईचा. तो म्हणाला दहाच कनेक्शन? अरे वाढव की, पन्नास कर. मला तेव्हा ते पटलंही, खोटं कशाला बोलू. चालू ॲपमध्ये तो आकडा बदलायची सोय हिकारीत आहे, जेएमएक्स म्हणतात त्याला, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते आणि आम्ही ठेवली नव्हती, म्हणून रीस्टार्ट. ॲपच्या तीन प्रती चालत होत्या, तिन्हींना पन्नास लावले. पहिली उठली, दुसरी कशीबशी उठली, तिसरी उठेचना आणि आता नवीनच एरर, रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्हड, म्हणजे उरलेल्या जागा राखीव. पोस्टग्रेस स्वतःहून फक्त १०० कनेक्शनं घेतो, त्यातली ३ ॲडमिनसाठी राखीव, राहिली ९७. पहिलीने उठल्या उठल्या ५० बळकावली कारण हिकारी नुसत्या बसून राहणाऱ्या कनेक्शनांची संख्याही कमाल आकड्याएवढीच धरतो, दुसरीला ४७ मिळाली आणि तिसरीला ठणठण गोपाळ. रिपोर्ट काढणाऱ्या बाईंचं वेगळं सॉफ्टवेअर होतं तेही बंद पडलं, त्यांचा तर या भानगडीशी काही संबंधच नव्हता. आणि गंमत म्हणजे ज्या दोन प्रती उठल्या त्याही पाच मिनिटांत परत तशाच गोल गोल.

मग आमच्यातल्या एका शहाण्या मुलीने, जिचं मी त्या दिवशी ऐकायला पाहिजे होतं आधीच, थ्रेड डंप काढला. थ्रेड म्हणजे ॲपच्या आत एकेक काम घेऊन बसलेला कामगार समजा. जेस्टॅक नावाची कमांड जावाबरोबर फुकट येते, चालू ॲपमध्ये या क्षणाला कोण काय करतंय त्याचा फोटोच म्हणा. दीडशेच्या वर थ्रेड एकाच जागी उभे, कनेक्शन द्या कनेक्शन द्या. ते तर माहीतच होतं. तिने त्यांच्याकडे बघितलंच नाही. तिने शोधलं की ज्यांच्याकडे कनेक्शन आहे ते काय करतायत. आणि ते सगळे, जवळपास सगळे, एसएमएस पाठवण्याच्या ओळीवर उभे.

झालं होतं असं की अर्ज सेव्ह झाला की अर्जदाराला एसएमएस जायचा आणि ते काम ज्याने लिहिलं (मीच) त्याने ते ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे डेटाबेसशी चाललेल्या एका व्यवहाराच्या, आतच टाकलेलं. म्हणजे कनेक्शन घेतलं, अर्ज साठवला, मग हातात कनेक्शन तसंच धरून एसएमएसवाल्या कंपनीच्या सर्व्हरला हाक मारली, त्याचं उत्तर आलं की मग कमिट, म्हणजे नोंद पक्की, आणि कनेक्शन परत. एरवी उत्तर पापणी लवायच्या आत यायचं म्हणून तीन वर्षं कोणाला कळलं नाही. त्या दिवशी त्यांच्याकडे गर्दी होती आणि उत्तराला आठ-आठ सेकंद लागत होते.

इथे एक छोटं गणित करतो, कंटाळू नका, याच्यापुढे गणित नाही. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली सिद्ध केलेला साधा नियम आहे, रांगांचा. दर सेकंदाला किती जण येतात गुणिले प्रत्येक जण किती सेकंद आत राहतो बरोबर एका वेळी सरासरी आत किती जण. बस्स. आमच्याकडे त्या संध्याकाळी सेकंदाला साधारण १५ अर्ज. एका अर्जाचं डेटाबेसचं काम ५० मिलिसेकंद, म्हणजे ०.०५ सेकंद. १५ गुणिले ०.०५ म्हणजे पाऊण. एक कनेक्शनसुद्धा पूर्ण लागत नाही हो! आणि आमच्याकडे तीन प्रतींची मिळून ३० होती. पण एसएमएसचे आठ सेकंद त्यात धरले की १५ गुणिले ८, एकशे वीस. तीसची पन्नास केली, दीडशे केली, काय उपयोग, उद्या एसएमएसवाला वीस सेकंद घेईल, मग तीनशे करणार का? आणि ही धरून ठेवलेली कनेक्शनं डेटाबेसकडून काम करून घेत नव्हती, नुसती पाटावर बसलेली. म्हणून तर सीपीयू चार टक्के.

रात्री साडेनऊला आम्ही एसएमएस बंद केला, सरळ बंद, आणि ॲप दोन मिनिटांत पळायला लागलं. दुसऱ्या दिवशी तो ट्रान्झॅक्शनच्या बाहेर काढला. आधी सेव्ह, कमिट, कनेक्शन परत, आणि मग एसएमएस एका वेगळ्या रांगेत, जाईल तेव्हा जाईल.

चतुर्थीला घरी मखरासमोर भटजींची वाट बघत बसलो होतो, अकरा वाजून गेलेले, वर माटोळी छान सजलेली आणि खाली सगळे भुकेले, तेव्हा बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा रिटायर्ड पोस्टातले, कॉम्प्युटरशी संबंध युट्यूबपुरता. ते म्हणाले, म्हणजे पूजा झाली तरी प्रसाद वाटून होईपर्यंत तुम्ही भटजींना घरातच बसवून ठेवत होता? मी म्हटलं हो. म्हणाले, मग वाड्यावर शिव्या पडणारच.

तर संपादकसाहेब, सर्व्हरची क्षमता वाढवणं म्हणजे काय हे त्या दिवसापासून मला वेगळंच दिसतं. मी रोज रायबंदरला फेरीने येतो-जातो. सकाळी धक्क्यावर स्कूटरींची रांग लागली की कोणीतरी म्हणतोच, आणखी दोन फेरीबोटी सोडायला काय जातं यांचं. पण धक्क्याला एका वेळी लागणार किती? बाकीच्या नदीत मधेच ताटकळत उभ्या राहणार आणि एकमेकींच्या आड येणार. (नवीन रो-रो फेरीबोट आली २०२५ मध्ये, ती मोठी आहे, पण धक्का तो धक्काच.) डेटाबेसचा धक्का म्हणजे त्याच्या मशीनचे कोअर. आठ कोअर असतील तर एका क्षणाला आठच कामं खरोखर चालतात, बाकी काही डिस्कची वाट बघत असतात म्हणून थोडी जास्त चालून जातात. पोस्टग्रेसवाल्यांचा यासाठी जुना ठोकताळा आहे आणि हिकारीवालेही तोच सांगतात, कोअर गुणिले दोन अधिक डिस्कची संख्या. आठ कोअर एक डिस्क म्हणजे सतरा. सतरा फक्त, आणि ती सगळ्या प्रतींची मिळून! हे पहिल्यांदा ऐकणारा प्रत्येक जण हसतो, मीही हसलो होतो. ठोकताळाच आहे, तिथून सुरू करून आपल्या ॲपवर मोजून बघायचं असतं, पण सुरुवात सतरापासून आणि दोनशेपासून यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोनशे कनेक्शनं एकदम तुटून पडली की डेटाबेस एकाचं अर्धं काम सोडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं सोडून तिसऱ्याकडे असा नाचत बसतो आणि सगळ्यांचंच उशिरा होतं.

पूल लहान करायला पण एक खोड आहे ती सांगून ठेवतो नाहीतर कोणीतरी वाचून उद्या दोन करेल. काही कामांत एकाच थ्रेडला एका वेळी दोन कनेक्शनं लागतात, एक ट्रान्झॅक्शन चालू असताना मधेच दुसरं वेगळं उघडायचं, ऑडिटच्या नोंदीसाठी वगैरे करतात असं. पूल पाचचा आणि पाच जण एकदम आले, पाचही जणांनी एकेक घेतलं, आता पाचही दुसऱ्याची वाट बघतायत आणि कोणीच पहिलं सोडत नाही. बसा मग. त्याला पूलचा किमान आकडा असा धरतात, एका थ्रेडला लागणाऱ्या कनेक्शनांतून एक वजा करायचं, त्याला थ्रेडच्या संख्येने गुणायचं आणि वर एक मिळवायचं, पण माझं मत विचाराल तर तशी कामंच काढून टाका.

आता गळती. हा दुसरा रोग, आणि हा गर्दीच्या दिवशी येत नाही हे त्याचं वैशिष्ट्य. आमच्याच एका जुन्या ॲपमध्ये दर दहा-बारा दिवसांनी सगळं थंड पडायचं, कधी मंगळवारी कधी शुक्रवारी, रीस्टार्ट केलं की पुन्हा दहा-बारा दिवस ठीक. आम्ही काय केलं असेल? दर रविवारी रात्री आपोआप रीस्टार्ट लावून दिलं आणि हात झटकले. वर्षभर चाललं तसं. मग हिकारीतलं लीक डिटेक्शन म्हणून एक सेटिंग असतं ते चालू केलं, ते मुळात शून्यावर म्हणजे बंद असतं, आम्ही दहा सेकंद ठेवलं. म्हणजे दहा सेकंदांच्या वर कोणी कनेक्शन धरून बसलं तर लॉगमध्ये त्याने ते कुठल्या ओळीवर घेतलं त्याचा सगळा पत्ता येतो. ते कनेक्शन काढून घेत नाही हां, फक्त चुगली करतो. टॉमकॅट म्हणून जावाची वेब ॲप चालवणारा सर्व्हर आहे, त्याच्या पूलमध्ये सोडून दिलेली कनेक्शनं जबरदस्तीने काढून घ्यायची सोय आहे पण मला ती आवडत नाही, मोठा रिपोर्ट प्रामाणिकपणे पाच मिनिटं चाललेला असेल तर त्याच्याही पायाखालची चादर ओढते.

तिसऱ्या दिवशी चुगली आली. एका रिपोर्टच्या पानावर तारीख टाकायची असते. एका ऑफिसातले एक वयस्कर क्लार्क कधीकधी तारखेत रेघेऐवजी टिंब द्यायचे. टिंब दिलं की कोडमध्ये चूक उडायची, कॅच ब्लॉक, म्हणजे चूक झेलणारा कोडचा तुकडा, "तारीख चुकीची" असं सांगून तिथूनच परत फिरायचा, आणि कनेक्शन परत ठेवायची ओळ त्याच्या खाली. एक टिंब, एक कनेक्शन गेलं. दहा टिंबं झाली की पूल रिकामा आणि अख्ख्या गोव्यातले युजर बाहेर. त्या बिचाऱ्या क्लार्कना माहीतसुद्धा नाही की ते काय ताकदीचे मनुष्य होते.

याला उपाय जावात २०११ पासून आहे, जावा ७ मध्ये ट्राय-विथ-रिसोर्सेस आलं, कंसात कनेक्शन घेतलं की ब्लॉकमधून कसेही बाहेर पडा, सरळ पडा चुकून पडा, ते बंद होणारच. आणि आमचा कोड त्याच्या नंतरचा होता, लाज वाटते सांगायला.

लाजेवरून आठवलं. एका नव्या मुलाने एकदा कोडमधून कनेक्शन क्लोज करायच्या ओळी शोधून शोधून काढून टाकल्या. का रे बाबा? तर म्हणे सर तुम्हीच सांगितलं कनेक्शन उघडणं महाग असतं, मग बंद कशाला करायचं. त्याचं चुकलं असं कसं म्हणू, शब्दच तसा आहे. पूलमधून आलेल्या कनेक्शनवर क्लोज म्हटलं की ते खरं बंद होत नाही, पूलने त्याच्यावर एक बुरखा घातलेला असतो, क्लोज म्हणजे "घे बाबा तुझं परत" एवढंच. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? आमच्या वेळी तर नाही शिकवलं, आम्ही परीक्षेत ड्रायव्हर मॅनेजरच्या, म्हणजे पूल न वापरता थेट कनेक्शन जोडायच्या, त्या सात पायऱ्या पाठ लिहायचो.

आणि एक सकाळचा रोग असायचा, तो आता कमी झालाय म्हणून पटकन सांगतो. मायएसक्यूएल हा दुसरा एक डेटाबेस, आठ तास कोणी बोललं नाही तर कनेक्शन तोडून टाकतो, २८८०० सेकंद ठरलेलेच. ऑफिस सहाला बंद, सकाळी नऊला उघडणार, पंधरा तास झाले. पूलला वाटतंय कनेक्शनं शाबूत आहेत आणि ती रात्रीच मेलेली. पहिला येणारा एरर खाणार. आमच्या एका क्लायंटकडे शिपाई रोज सकाळी साहेब यायच्या आधी साइट दोनचार वेळा उघडून बंद करायचा, झाडू मारल्यासारखं, ते त्याच्या कामातच धरलेलं. हिकारी कनेक्शन अर्ध्या तासाने स्वतःहून जुनं म्हणून टाकून नवीन जोडतो म्हणून हे टळतं, फक्त तो अर्धा तास डेटाबेसच्या किंवा मधल्या फायरवॉलच्या मुदतीपेक्षा कमी आहे ना एवढं बघायचं.

आता लोकांच्या बाजूचं एक. पान फिरत राहिलं की आपण काय करतो? रिफ्रेश. परत रिफ्रेश. पाच वेळा. टॉमकॅट एका वेळी २०० थ्रेडवर काम घेतो. तुम्ही निघून गेलात हे त्या थ्रेडला कळतच नाही, तो तुमच्या पहिल्या रिक्वेस्टसाठी तीस सेकंद कनेक्शनची वाट बघत उभाच, आणि तुमच्या पाच रिफ्रेशचे पाच थ्रेड. दोनशे असे भरले की मग ज्या पानाला डेटाबेस लागतच नाही, नुसती सूचना आहे, फोन नंबर आहे, तेही उघडत नाही. म्हणून सगळी साइटच मेल्यासारखी दिसते. लोकांना मी दोष देत नाही, समोर काही दिसत नसेल तर माणूस करणार काय. दोष तीस सेकंदांचा. आम्ही ते तीनवर आणलं, तीन सेकंदांत कनेक्शन मिळालं नाही तर सरळ सांगा "गर्दी आहे, पाच मिनिटांनी या, तुमचा फॉर्म जपून ठेवलाय". पात्रांवला आधी आवडलं नाही, एरर दाखवायची म्हणजे अपमान. पण धक्क्यावर फेरी बंदचा बोर्ड लावला तर माणूस दुसरी वाट धरतो, बोर्ड नसेल तर तासभर उभा राहून मग शिव्या देतो.

आणि हो, हल्ली जो तो जावा २१ मधल्या व्हर्च्युअल थ्रेडबद्दल बोलतो. २०२३ च्या सप्टेंबरात आले, चांगलेच आहेत, दोनशेच काय लाखभर थ्रेड उभे करा. पण ते लाखभर येऊन उभे राहणार त्याच पूलच्या दारात, भटजी तेवढेच.

म्हणून क्षमता वाढवणार असं कोणी म्हटलं की तुमच्या वार्ताहराने कृपया चार गोष्टी विचाराव्यात. बंद पडलं त्या वेळी पूलमधली किती कनेक्शनं कामात होती, किती रिकामी होती, किती जण वाट बघत होते, आणि सगळ्यात जास्त वेळ धरून बसलेलं काम कुठलं. पहिले तीन आकडे हिकारी चालू ॲपमधूनच देतो, जेएमएक्सवर, जावाबरोबर येणारं जेकन्सोल उघडलं की समोर दिसतात, त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. तिथूनच चालता चालता पूलचा आकडा कमी-जास्त करता येतो, डेटाबेसचा पासवर्ड बदलला तर नवा देऊन जुनी कनेक्शनं हळूच बाद करता येतात, हातात असलेली परत आली की बंद होतात, कोणाचं काम मधेच तुटत नाही. आमचं ते आता कायम चालू असतं, अर्थात बाहेरच्या इंटरनेटला उघडं नाही, तसं कोणी ठेवू नये. हे आकडे ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी नवा सर्व्हर घेतला तर तो पण चार टक्क्यांवर सुशेगाद बसेल आणि बिल मात्र आपण भरणार. कंत्राटाच्या कागदात "एकाच वेळी दहा हजार युजर" असं लिहितात, ठीक आहे लिहा, पण बाजूला हेही लिहा की एसएमएस आणि पेमेंटवाल्याने उत्तराला दहा सेकंद लावले तरी ॲप चाललं पाहिजे, आणि तसं मुद्दाम उशीर लावून तपासून दाखवा. ही टेस्ट करायला एका माणसाला एक दुपार लागते. आमच्याकडे ती त्या मुलीनेच लिहिली.

आमच्या ॲपच्या अजूनही तीन प्रती चालतात, डेटाबेसचं मशीन तेच, आठ कोअरचं. पूल आधी दहाचा होता, मग ती पन्नासची फजिती, आता प्रत्येकी सहा. सगळे मिळून अठरा. गेल्या चतुर्थीच्या आधी शेवटच्या दिवशी त्याहून जास्त गर्दी होती, मी घरून आकडे बघत बसलो होतो, वाट बघणारे सगळ्यात जास्त झाले ते चार, तेही सेकंदाच्या आत मोकळे. भटजी मात्र आमच्या घरी पोचले साडेबाराला, पलीकडच्या घरात त्यांना चहाला बसवून ठेवलेलं.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक
चोडण, तिसवाडी